शुक्रवारचं अपडेट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं काय लपतं? तसा मी सुखात आहे. पेन्शन येते, गुडघे साथ देतात. पण एक गोष्ट आत सलते, ती तुमच्यापाशी बोलतो.

भिवंडीत घरोघरी नेट येऊ लागलं, तेव्हाची गोष्ट. मी शाळेत गणित शिकवायचो आणि लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमचं, वेड लागलेलं. लिनक्स दोन तऱ्हेचं — एक बसवलं की मुरलेल्या लोणच्यासारखं वर्षानुवर्षं तसंच राहणारं, दुसरं रोजच्या भाजीसारखं सतत ताजं होणारं. स्टाफरूममध्ये मी दुसऱ्याचाच झेंडा मिरवायचो. थांबला तो संपला, म्हणायचो. आणि माझ्या घरी? घरी जुनंच. मोडलं तर निस्तरायचं कुणी? लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

शैलाताई मराठी शिकवायच्या, राहायला कशेळीला. त्यांच्या आईला लग्नात गायचे धवले तोंडपाठ. ताई आईला समोर बसवून ते कॉम्प्युटरवर टाइप करायच्या. त्या कॉम्प्युटरवर मी रोज बदलणारं लिनक्स बसवलं — हौस माझी, मशीन त्यांचं. अपडेट शुक्रवारी करा, म्हटलं. त्या दिवशी इकडचे यंत्रमाग बंद असतात, व्होल्टेज ठीक मिळतं. ताई उपवास धरावा तशा नेमाने करायच्या.

एका शुक्रवारी सकाळीच मी नेटवर वाचलं — या वेळचं अपडेट घेऊ नका, स्क्रीन काळी पडते. ताईंना फोन करायला कितीसा वेळ लागला असता? पण मग कबूल करावं लागलं असतं ना, की मी ज्याचे गोडवे गातो ते असंही करतं. फोन नाही केला. बघू, म्हटलं.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. गेलो. काळी स्क्रीन, शेजारी त्यांचे मिस्टर, पलीकडे आई गायच्या तयारीत बसलेली. मी पाहताक्षणी ओळखलं. आणि म्हणालो — आजही लाज वाटते — "ताई, तुम्हीच मध्ये काहीतरी दाबलं असेल."

मिस्टर हसले. ताईंनी मान खाली घातली. टाइप केलेलं सगळं सुखरूप निघालं, मी माझ्या घरच्यासारखं जुनं लिनक्स बसवून दिलं — तुम्हाला हेच सोपं पडेल, असंही वर म्हणालो — आणि पोहे खाऊन निघालो. सुटलो, असं वाटलं मला.

ताई मात्र परत टाइप करायला बसल्या नाहीत. कितीदा म्हटलं, नको म्हणाल्या. पुढे आई गेली. जेमतेम निम्मे धवले उतरले होते, बाकीचे तिच्याबरोबर गेले.

ताई अजून येतात. मजेत असतात, माझ्या बायकोशी तासभर गप्पा मारतात. मोबाइलवर अपडेट आलं की फोन माझ्यापुढे धरतात.

"सर, तुम्हीच दाबा. माझ्या हाताला यश नाही."

मागच्या आठवड्यातही आल्या होत्या. मी दाबलं.