कासाराने निवडलेला जावई

ये गं, अशी जवळ बस. दारातूनच तोंड दाखवून पळतीस, ही कुठली रीत?

निजामाच्या अमलात आमच्या पेडगावला एक कासार यायचा. नाव कुणी विचारलंच न्हाई, पण हुतूतूचा लय नाद. एका दमात हुतूतू म्हणत बांगडी चढवायचा. हात दुखल्याचं कळायचंही न्हाई. मी लग्नाची झाले त्या उन्हाळ्यात, खेळ बंद असताना, आमचा पट्टीचा गडी शेजारच्या झरीला, हुतूतूत आमच्याशी झुंजणाऱ्या गावाला, घरजावई म्हणून गेला. कासाराने माझ्या हातात अर्ध्याच बांगड्या भरल्या अन् मनगट धरून बसला.

"मालक, आता झरीचा गडी घरजावई आणा, तरच बाकीच्या भरतो."

बाबा भडकले, "पोरगी माझी हाय का तुमच्या खेळाची?"

"पोरगी तुमचीच. जावई गावाचा."

आणला की! तेच तुझे आजोबा. पहिल्याच सामन्यात ते हुतूतू करत झरीच्या बाजूला घुसले, तर तिथं बघायला उभी असलेली त्यांची आई ओरडली, "बाळा, जेवलास का?"

"हो, आई!"

दम तुटला, गडी बाद, पेडगाव हरलं.

कासार कपाळ धरून म्हणाला, "चुकलंच. आईसकट आणायचा होता."

तू मात्र परत लवकर ये गं. मी जेवलीस का विचारलं तर खुशाल बोल. तुला कुठं दम धरायचाय?