हाक ऐकून घेणारे सर

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन असलं की पाथ्रीकर सर त्या सकाळी पेशंटच्या कॉटशी येऊन बसत. फाइल नंतर. आधी म्हणत, "घरच्यांना मारता तशी एक हाक मारा बरं." पेशंट लाजायचे. सर डोळे मिटून ऐकायचे. मी त्यांच्या थिएटरची सिस्टर. अकरा वर्षं हे पाहिलं. सर पैठणकडच्या शेतकरी घरातले. मोठे सर्जन झाले, पण बोली काही सोडली नाही.

मानेच्या मणक्यापर्यंत पुष्कळदा गळ्याच्या पुढूनच जावं लागतं, श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला सारून. तिथंच दोन्ही बाजूंनी दोऱ्याएवढी एकेक नस स्वरयंत्राकडे जाते. ती ताणली गेली की आवाज बसतो. म्हणून सर मधेमधे हात थांबवत, जखम उघडी धरणारे आकडे सैल करायला सांगत. "सिस्टर, आकडे ढिल्ले करा. नसंला बी दम खाऊ द्या."

एकदा गारखेड्याच्या तुळसाबाई आल्या. पोळीभाजी केंद्र चालवायच्या. हाताला मुंग्या येऊन लाटणं हातातून गळायला लागलं होतं. सगळी तयारी झाली होती. सरांनी हाक मारायला सांगितली. बाईंनी नवऱ्याला हाक दिली, "अवं, ऐकलं का!" शेवटचं अक्षर फाटलं.

"घसा कधीपासून असा?"

"लई वर्षं झाली. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं तवापासून."

सरांनी त्या दिवसाचं ऑपरेशन रद्द केलं. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर उजवा स्वरतंतू हलतच नव्हता. कुणाच्या कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

सरांचे साहाय्यक म्हणाले, "सर, डावीकडून जाऊ. उजवीकडं जुना व्रण आहे, सगळं चिकटलेलं असेल."

"अन् डावी बी दुखावली तर? बाईला श्वास घेता येणार नाय, गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागंल. मोडक्या बाजूनंच जायचं. चांगली बाजू तिची आहे, आपली नाय."

दोन तासांचं काम पाच तास चाललं. दुसऱ्या दिवशी तुळसाबाईंनी त्याच फाटक्या आवाजात चहा मागितला, तेव्हा मला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. चहाच्या खोलीत एकटेच बसले होते. मी विचारलं तेव्हा सांगितलं.

उमेदीच्या वर्षांत त्यांनी एका शाळामास्तरांच्या मानेचं ऑपरेशन केलं होतं. हात सुधारले, आवाज गेला. "मी म्हणालो, सहा महिन्यांत येईल. नाय आला. मास्तरांनी शाळा सोडली. भेटायला जायचो, तर पाटीवर लिहून चहा घ्या म्हणायचे. माझ्यावर कधी रागावले नाहीत." मग म्हणाले, "रागवायला बी आवाज लागतो, सिस्टर."

मास्तर वारले तेव्हा सर त्यांच्या घरी भेटायला गेले होते. मास्तरांच्या मुलीनं त्यांना विचारलं, "बाबांचा आवाज कसा होता हो? मी तेव्हा पाळण्यात होते."

"मला सांगता येईना," सर म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी ते माझ्याशी चांगलं अर्धा तास बोलले होते. मी मणक्याचे फोटो बघत होतो. ऐकलंच नव्हतं."

पुढं सरांचं बोट थरथरायला लागलं. ते त्यांनी स्वतःच आधी ओळखलं आणि त्याच दिवशी ऑपरेशन करणं बंद केलं. निरोपसमारंभ होऊ दिला नाही. पुंडलिकनगरच्या घरी बसून राहायचे. फार कुणाकडं जात नसत.

सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी थिएटरमध्ये होते. वाळूजच्या एका कामगाराच्या मानेचं ऑपरेशन अर्ध्यावर होतं. सरांचे तेच साहाय्यक आता मुख्य सर्जन झाले होते. त्यांनी ऐकलं, आकडे ढिल्ले केले. मग म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जा. दुसरं कुणी उभं राहील."

मी म्हटलं, "नको. शेवटचा टाका पडू द्या."

टाके पडले. माणूस शुद्धीवर आला, पाणी मागू लागला. आवाज स्वच्छ होता. मी हातमोजे काढले, कपडे बदलायच्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि खुंटीवरच्या माझ्या साडीचा पदर तोंडात कोंबून रडले.