कूलरचं पाणी

आषाढात आमच्या घरी कूलरचं पाणी बंद करायचा मान माझा. तो मला सासूबाईंकडून मिळाला.

मी कोकणातली. घाम आमच्या पाचवीलाच पुजलेला, म्हणून वर्धा जिल्ह्यात लग्न ठरलं तेव्हा उकाड्याला मी भीक घातली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात माझी खोड मोडली. इथे घाम दिसायच्या आत वाळतो आणि डोकं मात्र गरगरायला लागतं. तेव्हा मी कूलर नावाच्या पत्र्याच्या पेटीच्या प्रेमात पडले. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपायचं आणि खोली गारेगार व्हायची.

पुढे लेक झाली. तिला घेऊन माहेराहून परतले ती ऐन आषाढात. पाऊस दडी मारून बसलेला, हवा नुसती चिकट. पोरीचं अंग घामोळ्यांनी भरलं. दूध तोंडात धरायची, सोडायची आणि रडायची. मी कूलर आणखी जोरात लावला. नवरा मुकाट बादल्या ओतत होता. रडणं काही थांबेना. शेवटी वैतागून मी बॅग भरली आणि जाहीर केलं, संध्याकाळच्या गाडीने माहेरी चालले, आता दिवाळीपर्यंत येत नाही.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी कूलरचं पाणीच बंद केलं.

"अहो आई, बंद काय करताय!" मी ओरडलेच.

"हवा पयलेच ओली हाय, माय. तू तिले आणखी ओली करून राह्यली. लेकराचा घाम वाळन कसा?"

त्यांनी सुंभाची बाज अंगणात कडुलिंबाखाली ओढली, गादी काढून टाकली आणि नुसतं जुनं लुगडं अंथरलं. बाजेच्या जाळीतून खालूनही वारा लागतो. पोरीला उघडीच निजवून त्या दुपारभर हातपंख्याने वारा घालत बसल्या. त्यांचा स्वतःचा पदर घामाने चिंब झाला होता. हळूहळू पोरीचं अंग कोरडं पडलं, ती पोटभर प्यायली आणि झोपली. मला रडूच आलं. त्या दुपारचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

आता त्या म्हणतील, कशाला जातेस. मी वाटच बघत होते. सासूबाईंनी पंख्यानेच दाराजवळची बॅग दाखवली.

"आता जाजो बिनधास्त. गाडीत रडणार नाई पोरगी."

मी आत गेले आणि पोरीची झबली बॅगेतून काढून परत कपाटात ठेवली.