चार ठिपक्यांना तीन बोटं

स्वतःवर करून बघितल्याशिवाय आमच्या साडूभाऊंनी जगातली एकही वस्तू दुसऱ्याच्या हातात दिलेली नाही. मानवतला त्यांचं बी-बियाणांचं दुकान. बायकोसाठी आणलेल्या चपला आधी स्वतः घालून अंगणात फेरी मारणार, शेळीला पाजायचं औषध आधी स्वतः चाखणार. एकदा त्या औषधापायी जीभ जड झाली, तरी बोबड्या आवाजात सांगत होते, "शेळीला चालंल!" गिटारही तशीच. लेकीला शिकवायची म्हणून आधी स्वतः शिकले, तेही नुसत्या कानानं, पुस्तक न उघडता.

त्या लेकीचा हात गेल्या वर्षी कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात सापडला. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गेलं. जखम भरली, पण पोरगी गिटारीकडं बघेना. "देऊन टाका कुणाला तरी," म्हणाली, आणि पालमच्या एका मास्तरांना तिनंच फोन केला. ते रविवारी न्यायला येणार होते.

साडूभाऊंनी मात्र लॅपटॉपवर सुरावट लिहायचं सॉफ्टवेअर घातलं. त्यात कॉर्डच्या, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या, तयार चौकटी असतात. उभ्या रेघा म्हणजे तारा, आणि ठिपका दिसेल तिथं बोट दाबायचं. पण सगळ्या चौकटी धडधाकट हाताच्या! मग यांनी रिकाम्या चौकटी घेऊन तीन बोटांच्या कॉर्ड स्वतःच मांडायला घेतल्या, आणि स्वभावाला जागून आपलं ते बोट सुतळीनं तळव्याला आवळून टाकलं. दुकानातही तसंच, जेवतानाही तसंच. गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, बोटाला काय झालं हो?"

"काई न्हाई. पोरीला कसं होत असंल ते बघायलोय."

रविवारी मी पोचलो तर छापलेले कागद माझ्या हातात कोंबून म्हणाले, "साडू, तुमीच द्या. माझी छाती होईना." मी दिले. पोरीनं कागद बघितले, आडवे-उभे फिरवून बघितले.

"पप्पा, हे काय केलंय? समदं उलटं हाय! जाड तार डावीकडं असती."

"मी कानानं शिकलेलो, कागदावर कुठली तार कुठं काढत्यात मला काय ठावं," साडूभाऊ पुटपुटले.

"असं वाजवलं तर गल्लीतली कुत्री भुंकतील. सरका तिकडं." तिनं लॅपटॉप ओढला, ठिपके हलवले, थांबली. "गिटार द्या. बघितल्याशिवाय कसं कळंल?"

पहिली कॉर्ड खरखरली. तिचा चेहरा पडला. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मास्तर! कुणीच उठलं नाही. तिनं ओठ चावत एक ठिपका खाली घेतला, पुन्हा वाजवलं, आणि यावेळी साफ वाजलं हो!

"काका," ती मान वर न करता म्हणाली, "त्यांना चहा पाजा. आन् सांगा, गिटार द्यायची न्हाई."

साडूभाऊ दातांनी सुतळीची गाठ सोडायला लागले होते. डोळ्यांतल्या पाण्यानं त्यांना गाठ दिसतच नव्हती.

आता ती स्वतःच्या चौकटी स्वतःच मांडते. साडूभाऊंना त्यातल्या निम्म्या वाजवता येत नाहीत. परवा दुकानात बसलो होतो, वरच्या माडीवर तिचं वाजवणं चाललं होतं. "लय पुढं गेली," ते म्हणाले. "आता मला काईच विचारीत न्हाई." आणि बियाणाची पिशवी उगाचच उघडून पुन्हा बांधत बसले.