भोंग्यांचं चित्र आणि माझा पाय

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बायकोच्या मते त्या गोष्टींत मी आहे त्यापेक्षा बराच बरा असतो. म्हणून ही मुद्दाम सांगतो.

इथल्या डच शाळेत पंधराव्या वर्षी विषयांचा गट निवडावा लागतो. लेकीला चित्रकला हवी होती, मला फिजिक्स. पालकाची सही सोमवारपर्यंत द्यायची होती, आणि तो फॉर्म आठवडाभर फ्रिजवरून माझ्याकडे बघत होता. शनिवारी लेक म्हणाली, "बाबा, आधी एक प्रदर्शन बघ. मग नाही म्हण."

फुकटात उदार दिसायची संधी मी सोडत नाही. अ‍ॅमस्टेलव्हीनहून हेगला गेलो.

चित्रकार शंभर वर्षांपूर्वीचा, अमेरिकन. मासिकांसाठी चित्रं काढून बरं चाललं होतं, ते सोडून त्यानं कुठल्याच वस्तूसारखी न दिसणारी चित्रं काढायला घेतली. पुढे काही वर्षं एका चित्रकार बाईबरोबर बोटीवर राहिला.

"वडिलांनी मदत करायला नकार दिला," भिंतीवरच्या माहितीतलं नेमकं तेवढंच वाक्य लेकीनं मोठ्यानं वाचलं.

"पुढचं वाच."

"पुढे त्यानं कोंबड्या पाळल्या."

मी घाईनं पुढच्या चित्राकडे वळलो आणि तिथेच थांबलो. जेवायच्या पाटाएवढं चित्र. धुक्यात वाजणारे जहाजांचे भोंगे, असं खाली लिहिलेलं. जहाज नाही, भोंगा नाही. राखाडी धूसरपणा, आणि त्यात मधे गडद, बाहेर फिकट होत जाणारी वर्तुळं. अंगावर काटा आला. कुणीतरी बसून चक्क आवाज रंगवला होता, आणि तो मला ऐकू येत होता.

मी जवळ गेलो. आणखी जवळ. कान लावायचाच बाकी होता.

अलार्म वाजला. दचकून मागे उडी मारली, तर पाय कशावर तरी पडला. लेक मागे जमिनीवर बसून तेच चित्र उतरवत होती. तिची वही माझ्या बुटाखाली. काही सुचायच्या आत मी वाकलो, वहीला हात लावला आणि हात कपाळाला नेला. दालनातला पहारेकरी बघतच राहिला.

लेकही. "बाबा, तू नमस्कार केलास?"

"पाय लागला ना."

"तो मॅथ्सच्या पुस्तकाला करतोस. माझी चित्रं हॉलमध्ये पसरलेली असतात, तेव्हा तू त्यांच्यावरून चालत जातोस."

जातो खरा. वहीत पाहिलं. तिच्या वर्तुळांवर माझ्या बुटाची नक्षी उमटली होती. लेक ती खोडायला गेली नाही.

शेवटच्या दालनात लिहिलं होतं की आजारपणात चित्रकाराचा हात चालेना, तेव्हा तो सांगायचा आणि ती बोटीवरची बाई रंगवायची. ते मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "फॉर्म?"

"वहीत आहे. निघताना फ्रिजवरून काढला."

मी खिशातून पेन काढलं. पहारेकऱ्यानं मान हलवली. आत फक्त पेन्सिल चालते. एका दिवसात त्याच्यासमोर माझी दुसरी शोभा.

बाहेर बाकावर बसलो. वारा असा होता की कागद उडू नये म्हणून तिला तो दोन्ही हातांनी दाबून धरावा लागला. तिच्या बोटांच्या मधल्या जागेत मी सही केली.