बापूंनी न मारलेली हाक

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू मुद्दाम तुडवून जाणारा मी माणूस. त्यात पीएचडी मेंदूविज्ञानात... त्यामुळे हे इथे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

आमचं विद्यापीठ आणि एक इंजिनिअरिंग कॉलेज मिळून एक प्रकल्प करतात. लकव्याने वाचा गेलेल्या माणसाला मनातल्या मनात बोलायला सांगायचं, आणि डोक्यावरच्या ईईजीच्या टोपीतून मेंदूत काही हलतंय का ते बघायचं. मेंदू माझ्याकडे, मशीन इंजिनिअरिंग कॉलेजच्या फरहानकडे. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं घाटनांदूरला, रेल्वेलाइनपलीकडे बिरूबापूंच्या घरी गेलो. बापू मेंढपाळ. लकव्यानंतर बोलणं नाही, खुणा नाहीत, नजरेत ओळख नाही.

त्यांच्या बायकोने, गिरजामावशींनी, बापूंच्या देखतच सांगितलं, "मेंढरं कुणाचंच ऐकंनात. दुपारी व्यापारी येनार हाय, समदी देऊन टाकते. ह्यांना काय कळतंय आता? पर दादा, हे आत हायेत का न्हाई, मशीनीत बगून तेवढं सांगा."

बापूंना बाजेवर टेकवून बसवलं, टोपी घातली, कानात इअरफोन. त्यातून उलटसुलट क्रमाने दोनच सूचना — "मेंढरांना मनात हाक मारा" आणि "आराम करा". दार-खिडकी बंद. बाहेर कुणी गडबड करू नये म्हणून फरहान अंगणात मेंढरं कोंडलेल्या जाळीपाशी राखणीला उभा.

थोड्या वेळाने तोच दार ढकलून आत आला. "काय करायलाय बे आत? सगळी मेंढरं एकदम माना वर करून घराकडं बघायलीत... परत खाली घालायलीत, परत बघायलीत!"

मी हसलो. पण त्याला मोबाईलवर शूटिंग करायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग व्हिडिओ आणि सूचनांचं रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी लावून पाहिलं. "हाक मारा" आलं की माना वर, "आराम करा" आलं की खाली. एकदाही चुकलं नाही. इअरफोनचा आवाज बाहेर जातो का, तेही तपासलं — नाही जात. शेवटी मीच टोपी घालून बसलो आणि मनातल्या मनात घसा फुटेस्तोवर ओरडलो. मेंढरं निवांत चारा खात होती!

आणि ईईजीत काय निघालं? काहीच नाही, नुसता अर्थहीन रेघांचा गोंगाट. मावशींना मशीनचं सांगितलं, मेंढरांचंही सांगितलं. लपवावंसं वाटेना.

त्यांनी ना हात जोडले, ना देवाचं नाव घेतलं. बाजेपाशी जाऊन खाली बसल्या.

"आवो... म्हंजे परवापासून मी विकायचं बोलायलेय, ते समदं ऐकलं व्हय तुमी?"

आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. बापूंचा चेहरा होता तसाच.

वास, वारा, योगायोग... फरहानने आणि मी सगळं घासून पाहिलं. एकही कारण आम्हा दोघांना पटलेलं नाही. प्रकल्पाच्या अहवालात मेंढरांचा उल्लेखच नाही.

त्या दुपारी टेम्पो आला, तेव्हा मावशींनी व्यापाऱ्याला दारातच थांबवलं. "मालक घरात हायेत. त्यांना इचारल्याबिगर सौदा व्हनार न्हाई."

टेम्पो रिकामा परत गेला. हे कसं घडलं, ते मला आजही सांगता येत नाही.