विहिरीतून काढलेला फोटो

हौसराव आप्पांच्या कॅमेऱ्याचं डोकं निघतं. हे मी कुणाला सांगितलं की समोरच्याला वाटतं, कॅमेरा मोडलाय. मोडलेला नाही. मागचं बारीक बटण दाबलं की वरचा भाग अलगद हातात येतो आणि त्या जागी दुसरा बसवता येतो. असे तीन भाग आप्पांकडे आहेत आणि आप्पा त्यांना डोकीच म्हणतात. पुण्यातल्या एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर निवृत्त झाला, तेव्हा त्याच्याकडून हा जपानी कॅमेरा त्यांनी सगळ्या डोक्यांसकट घेतला होता.

माझं शिक्रापुरात हायवेला लागून मेडिकलचं दुकान आहे आणि शेजारचा गाळा आप्पांचा. इथून ट्रक इतके जातात की माझ्या कपाटातल्या बाटल्या दिवसभर किणकिणत असतात. गिऱ्हाइकाला गोळी कधी घ्यायची हे सांगायचं तरी ओरडावं लागतं आणि मग गावभर होतं की मेडिकलवाला तापट आहे. आहेच मी तापट, पण त्यात ट्रकवाल्यांचाही वाटा आहे.

आप्पा मूळचे दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचे. घरची शेवंती आणि झेंडू भावाच्या हवाली करून ते लूनावर कॅमेरा बांधून यवत, केडगाव, पाटस असे लग्नांचे फोटो काढत फिरले. इकडे कारखाने आले तेव्हा कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो मिळतील म्हणून त्यांनी शिक्रापुरात गाळा घेतला. धंदा चांगला चालला. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि आप्पांचं स्टूल रिकामं पडलं. आता गाळ्यामागच्या खोलीत ते एकटेच राहतात. मुलगा रविराज पुण्यात नोकरीला असतो. सून नीलम आणि नात प्रांजल दोघी गोड आहेत, रविवारी फोन चुकत नाही. पण रविवार सोडला तर उरलेल्या वारांना आप्पांशी बोलणारा माणूस म्हणजे मी, आणि माझं बोलणं कसलं, ओरडणंच.

त्या तीन डोक्यांतलं पहिलं साधं, डोळ्याला लावून बघायचं. दुसरं बैलगाडा शर्यतीचं. त्यात चष्मा न काढता चार बोटं लांबून बघितलं तरी पूर्ण चौकट दिसते, म्हणजे गाडा अंगावर आला तर पळायला वेळ मिळतो. तिसऱ्याला आप्पा विहीर म्हणतात. त्याला चारी बाजूंनी पत्र्याच्या पाकळ्या उभ्या राहतात आणि वरून ते उघडं असतं. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि आत डोकावायचं. तळाच्या काचेवर समोरचं सगळं दिसतं, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे.

ही विहीर बायकांसाठी होती. त्या काळी सासऱ्या-दिरांसमोर फोटोला बसलेली सून मान वर करायची नाही. त्यात परका पुरुष एक डोळा मिटून दुसरा आपल्यावर रोखतोय म्हटल्यावर ती पदरातच गोळा व्हायची. आप्पा मग डोकं बदलायचे, मान खाली घालायचे आणि म्हणायचे, "म्या न्हाई बघत, वहिनी. तुमीच बघा." समोर नुसती पांढरी टोपी. जरा वेळानं बाई आपोआप मान वर करायची. दौंड-शिरूरच्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या म्हाताऱ्या इतक्या मोकळ्या नजरेनं बघतात, त्या सगळ्या आप्पांच्या टोपीकडे बघतायत.

डोक्याखाली जी काच असते, तीही बदलता येते. एक रेघारेघांची काच होती, ती सोसायटीच्या संचालक मंडळासाठी. तिच्यामुळे सगळ्यांचे फेटे एका ओळीत येतात आणि चेअरमन रुसत नाहीत. दुसरी दुभंगी काच. तिच्या मधोमध एक छोटा गोल असतो. फोकस चुकलेला असेल तर त्या गोलात चित्र मधून कापून सरकवल्यासारखं दिसतं. भिंगाची रिंग फिरवत राहायचं, दोन्ही अर्धुकं जुळली की फोकस झाला.

काच बदलली की ती नीट बसली का, हे बघायला समोर कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी म्हणजे सिंधूबाई, आप्पांची बायको. "सिंधे, बस जरा," असं आप्पा म्हणाले की ती मेथीची जुडी घेऊनच स्टुलावर यायची आणि निवडत बसायची. आप्पा तिच्या कपाळावरच्या टिकलीवर नेम धरायचे. टिकलीची दोन अर्धुकं एक झाली की म्हणायचे, "ऊठ."

"काढला का?"

"रोल न्हाई त्यात."

हे मी माझ्या कानांनी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. रोल महाग, आणि काच तपासायला रोल कशाला घालवायचा? सिंधूबाई हसायची आणि मेथी घेऊन आत जायची. नवऱ्यानं बायकोकडे रोज इतकं निरखून बघितल्याचं दुसरं उदाहरण माझ्या बघण्यात नाही. पण बघितलं तेवढंच.

रविराजचं लग्न व्हायचं होतं आणि खिशातले कॅमेरेही आले नव्हते, तेव्हाच सिंधूबाई थंडीच्या दिवसांत, सकाळी चहा टाकता टाकता गेली. दहाव्याला फोटो पाहिजे म्हणून शोधाशोध सुरू झाली तेव्हा सगळे पाहुणे आप्पांकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "तुमच्याकडं तर ढिगानं असतील." एकही नव्हता. दुसऱ्यांची लग्नं काढणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या लग्नाला कॅमेरा नव्हता आणि पुढं हा कायम कॅमेऱ्यामागं. शेवटी कासुर्डीच्या कुणाच्या तरी हळदीच्या घोळक्यातून तिचं तोंड कापून मोठं केलं. धुरकट आलं होतं, आणि खांद्यावर कुणाचा तरी हिरव्या बांगड्यांचा हात तसाच राहिला होता. तो फोटो आप्पांनी दहाव्यापुरता ठेवला आणि मग रविराजला देऊन टाकला. त्यांना तो बघवत नव्हता. मला त्या दिवशी आप्पांकडे बघवत नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर आप्पा माझ्या काउंटरशी आले. "मेडिकलवाले, माझा येक फोटू काढायचाय."

"थांबा, मोबाईल घेतो."

"मोबाईलवर न्हाई. माझ्या कॅमेऱ्यानं, रोलवर. म्या गेल्यावर माझं तोंड कुणाच्या लग्नातनं कापाया नको. नीट बसून काढल्याला येक फोटू पायजे, भिंतीला लावायला. बाकी काय मागणं न्हाई आता."

"मग टायमर लावा आणि काढा की तुम्हीच. मला कुठं येतंय?"

"उजव्या डोळ्यात डाग पडलाय. ती दोन अर्धुकं आता जुळल्यालीच दिसत न्हाईत मला. तुमी जुळवा."

डागाचं मला ठाऊक होतं, थेंब माझ्याच दुकानातून जातात. पण तो इथवर आलाय हे ठाऊक नव्हतं. मी उगाच चिडून म्हणालो, "रोल तरी मिळतो का आता?" आप्पांनी खिशातून रोल काढून दाखवला. पुण्याहून आधीच मागवून ठेवला होता.

दुपारी जरा गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा आम्ही बसलो. आप्पांनी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला, नेहमीचं डोकं काढलं आणि विहीर बसवली. मी म्हणालो, "आप्पा, मला जाड चष्मा. ते शर्यतीचं डोकं लावा, सोपं जाईल."

"विहीरच ऱ्हाऊ द्या."

"का?"

"मीबी लाजतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. कोपऱ्यातला लांबडा बाक त्यांनी पुढं ओढला, धुतलेली टोपी घातली आणि बसले. स्टुलाचा पाय मोडला असेल, असं मला वाटलं.

मग माझी जी फजिती सुरू झाली ती विचारू नका. मी मान खाली घालून बघतोय तर आप्पा काचेच्या एका कडेला. त्यांना मधे आणायला कॅमेरा फिरवला तर ते चौकटीबाहेरच गेले. आप्पा तिकडून ओरडले, "उलटं फिरवा, आत समदं उलटं आसतंय!" उलटं फिरवलं. ते मधे आले. नाकाची दोन अर्धुकं जुळवली, बटणाला हात लावला, तर आप्पा परत कडेला. मी पुन्हा मधे घेतलं. पुन्हा कडेला. माझा घाम निघाला. आप्पा मधूनच हळू आवाजात काहीतरी बोलत होते, पण बाहेर कंटेनरांची रांग लागलेली, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मला वाटलं, सूचना देतायत. मी खाली बघतच "हो, हो" म्हणत राहिलो आणि रोल संपवला.

पुण्यात एक माणूस अजून रोल धुतो. माल आणायला गेलो तेव्हा त्याच्याकडून फोटो घेतले आणि दुकानाच्या पायरीवरच पाकीट उघडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोकस बरा होता, पण एकाही फोटोत आप्पा मधोमध नव्हते. सगळ्यांत एका बाजूला आणि अर्धी चौकट मोकळी. म्हाताऱ्यानं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती आपण नासली, हे डोक्यात घेऊन मी परत आलो.

आप्पांच्या हातात पाकीट दिलं आणि एका दमात सांगून टाकलं, "माझ्याच्यानं झालं नाही. पण घाबरू नका, हे कडेचं कापून तुम्हाला मधे घेता येतं."

"कापू नका!" आप्पा इतक्या जोरात कधी बोलले नव्हते. मग त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक फोटो डाव्या डोळ्याशी नेऊन बघितला. "तुमची काय चूक न्हाई, मेडिकलवाले. सरकत मीच हुतो."

"म्हंजे?"

"माझ्या डाव्या अंगाला बघा."

तिथं बाक होता. जुनं रेक्झिन, त्यावर पडलेला उजेड. आणखी काही नव्हतं.

"बाईमाणूस डाव्या अंगाला बसवायचं आसतंय. आमचा जोड्यानं फोटू काढायचा ऱ्हाऊनच गेला. तुमी मला मधी घ्यायचा, आन् मला वाटायचं, आता हिला बसाया जागा ऱ्हायली न्हाई. मग सरकायचो."

"अहो, मग सांगायचं ना मला!"

"सांगितलं आसतं तर तुमी मान वर करून बघितलं आसतं."

मी दुकानात आलो आणि समोर पहिलं जे गिऱ्हाईक सापडलं त्याला विनाकारण झापलं.

त्यातला एक फोटो आप्पांनी मोठा करून चौकटीत बसवला आणि स्टुडिओच्या भिंतीवर लावला. त्यांना हवा होता तो फोटो त्यांना मिळाला होता. पुढचे काही आठवडे म्हातारा खुशीत होता. संध्याकाळी दोन खुर्च्या टाकायचा, एकीवर मी, आणि आम्ही त्या भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचो. फोटो मधे का नाही, असं कुणी विचारलंच तर आप्पा म्हणायचे, "बरोबर हाय तो."

संक्रांतीला रविराज घरच्यांना घेऊन आला. फोटोसमोर तो बराच वेळ उभा राहिला. कुणी काही सांगितलं नाही, पण पोरगा फोटोग्राफरचा, त्याला बाक वाचता आला. मागच्या खोलीत जाऊन तो तोंड धुऊन आला. मी म्हटलं, बरं झालं, बापाचं दुःख लेकाला कळलं.

पुढच्या खेपेला तो भलीमोठी चौकट घेऊन आला. भिंतीवरच्या फोटोचा त्यानं मोबाईलवर फोटो काढून नेला होता आणि तो हळदीचा कापलेला फोटो जोडून कॉम्प्युटरकडून नवीन चित्र करून घेतलं होतं. बाकावर आप्पांच्या डाव्या अंगाला सिंधूबाई बसली होती. अंगावर काठापदराची साडी, गाल गुळगुळीत, दात एकसारखे, हात मांडीवर ठेवून छान हसत होती.

"आप्पा, बघा. आईला बसवलं," रविराज म्हणाला. नीलमनं तोंडाला पदर लावला. प्रांजल "आजी!" म्हणून टाळ्या पिटायला लागली. रविराजनं आपल्या हातानं जुनी चौकट उतरवून कपाटामागे ठेवली आणि त्याच खिळ्यावर नवी लावली.

आप्पांनी चष्मा चढवला आणि नाक काचेला लागेल इतके जवळ गेले. माझं डोकं तापलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं.

"झ्याक झालंय," ते लेकाला म्हणाले. रविराज त्यांच्या पाया पडला आणि लहान पोरासारखा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

गाडी गेल्यावर मी सुटलोच. "ही सिंधूबाई आहे? कुणाला बसवलंय तिथं?"

"ह्या बाईला म्या कवाच बघितलं न्हाई," आप्पा म्हणाले.

"मग उतरवा! ती जुनी कपाटामागं आहे, मी लावून देतो आत्ता!"

"त्याला त्यात आई दिसती, मेडिकलवाले." आप्पा खाली बसले. "त्याच्याकडंबी न्हवता की तिचा फोटू. कुणामुळं न्हवता? आता त्याला आई गावलीय, तर म्या कोणत्या तोंडानं उतरवू?"

मी कपाटाकडे निघालो होतो, तो परत फिरलो.

नवी चौकट भिंतीवर तशीच आहे. येणारेजाणारे म्हणतात, आजी किती छान आल्यात, आणि आप्पा हो म्हणतात. दर रविवारी प्रांजलचा व्हिडिओ कॉल येतो आणि ती म्हणते, "आजोबा, आजी दाखवा ना." आप्पा मोबाईल उचलतात आणि हात लांब करून भिंतीकडे धरतात. स्वतः मात्र रस्त्याकडे तोंड करून, जाणारे ट्रक बघत उभे राहतात, तिचं बघून होईपर्यंत.